आठवड्याला दहा, आठवड्याला सव्वीस

१९५१ च्या जनगणनेत लंडनमधल्या फिन्सबरी या बरोची लोकसंख्या भरली ३५,३७०. क्षेत्रफळ ५८७ एकर, म्हणजे पुरता एक चौरस मैलही नाही. लंडन काउंटीत असे २८ बरो होते आणि प्रत्येकाला स्वतःचा महापौर, स्वतःचे नगरसेवक आणि स्वतःचा आरोग्य अधिकारी होता. हा अधिकारी दरवर्षी एक अहवाल काढायचा. किती जन्मले, किती मेले, कशाने मेले, किती घरांत ओल होती, किती उंदीर मारले, किती मांस फेकलं, सगळं त्यात. अशा अहवालांचा लंडनपुरता जो संग्रह आज वेलकम ग्रंथालयाने इंटरनेटवर खुला ठेवला आहे, त्यात १८४८ ते १९७२ या काळातले साडेपाच हजारांवर अहवाल आहेत. एका शहराचं सव्वाशे वर्षांचं जगणं-मरणं रकान्यांत बसवून ठेवलेलं!

फिन्सबरी निवडण्याची कारणं पुढे येतीलच. आधी तिची लोकसंख्या पाहा. १९०१ मध्ये याच ५८७ एकरांत १,०१,४६३ माणसं राहत होती. पन्नास वर्षांत तिसरा हिस्सा उरला. पूर्वेकडचा स्टेपनी बरो २,९८,६०० वरून ९८,८५८ वर आला होता. उपनगरांकडची ओढ, झोपडपट्ट्यांची पाडापाडी आणि शेवटी जर्मन बॉम्ब, अशी तिन्ही कारणं त्यात आहेत. आरोग्य अधिकाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की भागाकार करताना खाली लिहायचा आकडा सतत घसरत होता. आणि खालचा आकडा लहान झाला की वरचा आकडा बेभरवशाचा होतो.

कसा, ते पाहू. १९५१ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये ६,७७,५२९ बाळं जन्मली, दर हजार लोकसंख्येमागे साडेपंधरा. फिन्सबरीला हाच दर लावला तर वर्षाला साधारण ५४८ बाळं होतात. बालमृत्यूदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं हजारी प्रमाण, तेव्हा देशभर २९.७ होतं. त्या हिशेबाने फिन्सबरीत सोळा बाळं जायला हवीत. पण एखाद्या वर्षी बाराच गेली तर दर २२ होतो, वीस गेली तर साडेछत्तीस. चार बाळं इकडची तिकडे होणं हा सोळाच्या आकड्यात निव्वळ योगायोगाचा खेळ असू शकतो. एका वर्षी नगरसेवकांनी पाठ थोपटून घ्यावी आणि पुढच्या वर्षी वर्तमानपत्रांनी ओरड करावी, आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसावं. जाणते आरोग्य अधिकारी एका वर्षाच्या दरावर फारसं बोलत नसत, आधीच्या दहा वर्षांचे दर शेजारी छापत. आपल्याकडच्या प्रसिद्धिपत्रकांत हा सभ्यपणा क्वचितच दिसतो.

देशाच्या पातळीवर हा डळमळीतपणा नाहीसा होतो आणि मग जे दिसतं ते डोकं गरगरवणारं आहे. १८९९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधला बालमृत्यूदर हजारी १६३ होता. १९५१ च्या ६,७७,५२९ बाळांना तोच जुना दर लावा: १,१०,००० बाळं वर्षाच्या आत गेली असती. प्रत्यक्षात गेली सुमारे वीस हजार. म्हणजे एकाच वर्षात जन्मलेली नव्वद हजार बाळं अशी, जी त्यांच्या आजीच्या काळात जगली नसती. दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत ब्रिटनमध्ये बॉम्बवर्षावाने मेलेले नागरिक सुमारे साठ हजार. त्यांची स्मारकं गावोगाव आहेत. नव्वद हजारांचं स्मारक कशाचं करणार? ती मोठी झाली, नोकऱ्या करू लागली, कर भरू लागली.

आता हेच नव्वद हजार फिन्सबरीच्या मापात आणा. ५४८ बाळांत जुन्या दराने ८९ गेली असती, नव्याने सोळा. वर्षाला ७३ चा फरक, आठवड्याला दीडही नाही. या आठवड्यात एक बाळ वाचलं, हे कुणाच्या लक्षात येणार? न झालेला मृत्यू दारावरून जात नाही.

हा बदल आपोआप झाला नाही, आणि एका औषधानेही नाही. १९०७ च्या कायद्याने बाळ जन्मल्यावर ३६ तासांच्या आत आरोग्य अधिकाऱ्याला कळवण्याची तरतूद केली. निबंधकाकडे जन्माची नोंद करायला आई-बापांना ४२ दिवसांची मुदत असे. आरोग्य खात्याला तेवढा वेळ परवडणारा नव्हता, कारण दगावणाऱ्या बाळांपैकी पुष्कळशी पहिल्या महिन्यातच हातची जात. कळवलं की हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य परिचारिका, दाराशी हजर. ती दूध कुठून आणता विचारी, बाटली कशी धुता ते बघे, आणि नोंदवहीत लिही. एका भेटीने काय होणार असं वाटेल. लंडनच्या हजारो जिन्यांवरून चढलेल्या लाखो भेटींनी पुष्कळ झालं.

घटसर्पाचा आकडा तर याहून विलक्षण. १९४० साली ब्रिटनमध्ये घटसर्पाच्या ६१,००० हून जास्त नोंदी झाल्या आणि ३,२८३ माणसं मेली, बहुतेक मुलंच. त्याच सुमारास मोफत लसीकरणाची मोहीम सुरू झाली. १९५७ मध्ये नोंदी ३८ आणि मृत्यू सहा. पुन्हा फिन्सबरीच्या मापाने मोजू: पस्तीस हजारांच्या वस्तीला १९४० च्या प्रमाणात वर्षाला ४५ रुग्ण आले असते. १९५७ च्या प्रमाणात सरासरी अडतीस वर्षांतून एक. आरोग्य अधिकाऱ्याच्या अख्ख्या नोकरीत एकदा. रोग संपला की अहवालात तो रकाना कोराच छापला जातो, आणि वाचणारा पान उलटतो.

फिन्सबरी निवडण्याचं एक कारण पाइन स्ट्रीटवर उभं आहे. १९३८ मध्ये तिथे बरोने आरोग्य केंद्र बांधलं. वास्तुरचनाकार बर्थोल्ड ल्युबेटकिन आणि त्यांची टेक्टन ही संस्था. क्षयाचा दवाखाना, दातांचा दवाखाना, पायांचा दवाखाना, निर्जंतुकीकरणाची भट्टी, शवागार, सगळं एका छताखाली आणि काचेच्या विटांतून आत येणारा भरपूर उजेड. वर दोन सदनिका: ज्यांच्या घरातले ढेकूण मारायला धूर सोडायचा, त्या कुटुंबाने तेवढे दिवस राहायचं कुठे, याचा विचार कुणीतरी केला होता! हे केंद्र उभारण्यामागे सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष डॉ. चुनीलाल कटियाल यांचा मोठा वाटा होता. पंजाबातून आलेले हे डॉक्टर १९३८ मध्येच फिन्सबरीचे महापौर झाले, ब्रिटनमधले पहिले दक्षिण आशियाई महापौर. राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू व्हायला तेव्हा दहा वर्षं अवकाश होता. युद्धकाळात एब्रम गेम्स या चित्रकाराने याच इमारतीचं भित्तिपत्रक केलं, मागे अंधाऱ्या भिंतीशी मुडदूस झालेलं मूल दाखवून. चर्चिलना ते रुचलं नाही आणि ते वाटपातून मागे घेतलं गेलं.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा आली आणि लंडनच्या बरोंकडून माता-बाल संगोपन, हेल्थ व्हिजिटर वगैरे कामं काढून काउंटी कौन्सिलकडे दिली गेली. बरोच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे उरलं काय? गटारं, ओल, ढेकूण, उंदीर, दूध, मांस, धूर आणि साथीचे रोग. वाचायला किरकोळ वाटतं. अहवालातलं टाकलेल्या अन्नाचं पान पाहिलं की वाटत नाही. डबाबंद मांस, मासे, लोणी, फळं, प्रत्येकापुढे टन, हंड्रेडवेट, क्वार्टर आणि पौंड असे चार रकाने. २,२४० पौंडांच्या टनात हिशेब करून शेवटच्या पौंडापर्यंत लिहिलेलं. शिधावाटप १९५४ पर्यंत चालू होतं हे ध्यानात घेतलं म्हणजे, दर आठवड्याला मूठभर मांसासाठी रांग लावणाऱ्या शहरात सॅनिटरी इन्स्पेक्टरला एखादा नासका डबा फेकून देताना काय ऐकून घ्यावं लागत असेल, ते कळतं. या माणसांना वरिष्ठांचं संरक्षण मात्र पक्कं होतं: लंडनमधल्या आरोग्य अधिकाऱ्याला मंत्र्याच्या संमतीवाचून बडतर्फ करता येत नसे. ज्या घरमालकाची घरं राहण्यास अयोग्य म्हणून लिहायची तोच नगरसेवक निघाला तर, याची ती सोय.

मृत्यू मोजण्यातही एक गोम आहे. सेंट बार्थोलोम्यूज ऊर्फ बार्ट्स हे अवाढव्य रुग्णालय सिटी ऑफ लंडनच्या हद्दीत, आणि सिटीत तेव्हा राहणारी माणसं उणीपुरी पाच हजार. जिथे मेला तिथे मोजला असं केलं तर सिटी ही जगातली सर्वांत प्राणघातक जागा ठरेल. म्हणून निबंधक कार्यालयं मृत्यूची बदली करत. फिन्सबरीतला माणूस बार्ट्समध्ये गेला तर त्याची चिठ्ठी पुन्हा फिन्सबरीत येई. अहवालातल्या प्रत्येक साध्या बेरजेमागे ही ने-आण आहे.

शुक्रवार, ५ डिसेंबर १९५२. थंडी पडली, वारा थांबला, आणि लाखो चुलाण्यांचा कोळशाचा धूर शहरावर साचून राहिला. हवामान खात्याच्या हिशेबाने दररोज हजार टन काजळी हवेत जात होती. गंधकाचा वायू ३७० टन, त्यातून बनलेलं आम्ल ८०० टन. मंगळवारी, ९ तारखेला वारा सुटेपर्यंत हे चाललं. फिन्सबरीतल्याच सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात सोमवारी ‘ला त्राव्हियाता’ पहिल्या अंकानंतर बंद करावं लागलं. धुरकं प्रेक्षागृहात शिरलं होतं. अर्ल्स कोर्टला जनावरांच्या प्रदर्शनात बक्षिसाची काही गुरं गुदमरून मेली आणि त्याची बातमी लगेच पेपरांत आली.

माणसांची बातमी यायला वेळ लागला. गुरं एका मांडवात होती, माणसं लाखो घरांत. ६ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात लंडन काउंटीत ९४५ मृत्यू नोंदले गेले होते. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात २,४८४. काउंटीबाहेरची उपनगरं धरली तर त्या आठवड्याचे ४,७०३, आणि आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याचे १,८५२. दिवसाला २६५ ऐवजी ६७२.

आता पुन्हा फिन्सबरी. काउंटीची लोकसंख्या साडेतेहतीस लाखांच्या आसपास. फिन्सबरीचा वाटा शेकडा एकाहून जरा जास्त. ९४५ मधले तिच्या वाट्याला येतात दहा, २,४८४ मधले सव्वीस. एवढंच. गल्ल्या-इमारतींत विखुरलेले, बहुतेक म्हातारे, त्यातले कित्येक आधीपासून खोकणारे असे सोळा जास्तीचे मृत्यू. डॉक्टरला वाटलं, या हिवाळ्यात माझे दोन रुग्ण गेले. अंत्यविधीवाल्याला वाटलं, काम वाढलंय. दाखल्यावर लिहिलं ब्राँकायटिस, न्यूमोनिया, हृदयविकार. एकाही दाखल्यावर धूर नाही. बरोच्या आत उभं राहून संकट दिसतच नव्हतं. अठ्ठावीस बरोंच्या, शिवाय सिटीच्या चिठ्ठ्या एकत्र होऊन साप्ताहिक तक्त्यात उतरल्या तेव्हा शांतताकाळातला त्या शतकातला लंडनचा एक अतिभीषण आठवडा कागदावर उभा राहिला. ज्यांनी तो भोगला त्यांनाही तो तिथेच प्रथम कळला.

चार वर्षांनी, १९५६ मध्ये, स्वच्छ हवेचा कायदा झाला. धूरबंदीचे विभाग जाहीर करण्याचं काम पुन्हा स्थानिक संस्थांकडेच आलं, आणि चुलाणं बदलायला लावणारे निरीक्षक पुन्हा जिने चढू लागले.

बळी किती, हा वाद मात्र मिटला नाही. सरकारी समितीने सुमारे ४,००० धरले. पण मृत्यूंचा आलेख डिसेंबर सरल्यावरही खाली आला नव्हता, थेट मार्चपर्यंत तो नेहमीच्या वर राहिला, आणि तो फरक सरकारने फ्लूच्या खाती टाकला. २००१ मध्ये मिशेल बेल आणि डेव्ह्रा डेव्हिस या संशोधकांनी जुने तक्ते पुन्हा मांडले आणि एवढे मृत्यू फ्लूवर ढकलायचे तर तो फ्लू फारच भयंकर असायला हवा होता, असं दाखवून एकूण आकडा १२,००० च्या घरात नेला. तेव्हाच्या बृहद् लंडनची लोकसंख्या ८३ लाखांवर. त्या प्रमाणात फिन्सबरीचा वाटा पहिल्या हिशेबाने सतरा जणांचा येतो आणि दुसऱ्या हिशेबाने एकावन्न जणांचा. मधले चौतीस कुठल्या रकान्यात लिहायचे, यावर अजून एकमत नाही.