पुराचा कागद व पावसाचें अनुमान

जुन्या कागदांत 'पूर आला' असा उल्लेख सांपडला कीं त्या गांवीं अतिवृष्टि झाली, असें लिहिण्याची चाल पडली आहे. ती किती फसवी आहे, हें करवीर प्रांतावरून दिसतें. सह्याद्रीलगत गगनबावड्यास वर्षास ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस शिरोळाकडे त्याचा सुमारें दहावा हिस्सा. तथापि घाटमाथ्याचें पाणी कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांनीं पंचगंगेंत येऊन नृसिंहवाडीस कृष्णेला मिळतें. म्हणून स्वतःचा पाऊस थोडा असूनही शिरोळ बुडतें. इ. स. २००५, २०१९ व २०२१ सालीं हाच अनुभव आला. न्यायभाष्यांत पुरावरून वृष्टीचें 'शेषवत्' अनुमान सांगितलें आहे. पण तें वरच्या प्रदेशांतील वृष्टीचें, पूर पाहणाराच्या गांवचें नव्हे.

यास्तव नक्कल करतांना तिथीबरोबर कागद कोणत्या गांवचा, हेंही टिपावें. संग्राहकांस आमची आणखी एक विनंती आहे. नदीकांठच्या घरांतील रुमाल मृगापूर्वीं माळ्यावर हलवावेत. चिखलांत गेलेला मोडी कागद परत मिळत नाहीं.