आधी पंखा, मग इंजिन: तापून बिघडलेल्या गाडीची दुरुस्ती



मागच्या व्याख्यानानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. "गाडी गरम झाली, गॅरेजवाल्यानं हेड उघडायला सांगितलं. खरं समजायचं की नाही?" आज त्याच प्रश्नावर बोलू. रेडिएटरचा पंखा बंद पडल्यावर इंजिनात नेमकं काय बिघडतं, ते कसं शोधायचं आणि दुरुस्त कसं करायचं. आम्ही गॅरेजवाले आहोत, त्यामुळे जे सांगू ते हातानं केलेलं सांगू. त्यात आमची एक चूकही आहे, तीही सांगणार आहोत.

डोळ्यांसमोर एक साधी गाडी ठेवू. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड.

पंखा लागतो केव्हा?

पेट्रोल जळून जी उष्णता निघते, त्यातली ढोबळमानानं पाव ते एक तृतीयांश शक्ती चाकांपर्यंत पोचते. बाकीची सायलेन्सरवाटे आणि कूलंटवाटे बाहेर जाते. गाडी हायवेवर 70-80 च्या वेगानं धावत असते, तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर गार ठेवतो आणि पंख्याला फारसं काम नसतं. म्हणून पंखा बिघडलेला असला तरी हायवेवर कित्येक दिवस कळतच नाही. कळतं ते सिग्नलला, टोलनाक्यावर, नाहीतर घाटात.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागतो. सुट्टीच्या दिवशी तिथे वाहतूक अडली की कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे काय होतं? चढामुळे इंजिनावर भार जास्त, वेग मुंगीचा, एसी चालू आणि समोरून वारा नाही. अशा वेळी सगळी मदार पंख्यावर असते. तो फिरला नाही तर काट्याला वर जायला काही मिनिटं पुरतात.

आत काय होतं?

थर्मोस्टॅट साधारण 82 ते 90 अंशांना उघडतो. काटा आणखी थोडा वर गेला की पंखा सुरू होतो. पाणी 100 अंशांना उकळतं हे आपण शाळेत शिकलो, पण गाडीत ते लगेच उकळत नाही. एक तर त्यात कूलंट मिसळलेलं असतं, शिवाय रेडिएटरचं झाकण आत सुमारे 1 बार जादा दाब धरून ठेवतं. त्यामुळे उकळणं 120 अंशांच्याही पुढे जातं. ही मर्यादा ओलांडली की झाकणातून पाणी बाहेर पडतं आणि हेडमध्ये वाफेचे कप्पे तयार होतात. वाफ पाण्यासारखी उष्णता वाहून नेत नाही. धातूचा जो भाग वाफेखाली आला, तो एकदम तापतो.

आता थोडं गणित करू. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. 40 सेंटीमीटर लांबीचं हेड नेहमीपेक्षा 100 अंशांनी जास्त तापलं, तर ते सुमारे 0.9 मिलिमीटरनं वाढू पाहतं. बिडाचा ब्लॉक तेवढाच तापला तरी 0.4 ते 0.5 मिलिमीटरच वाढतो. हेड बोल्टांनी जखडलेलं, त्याला पसरायला जागा नाही. मग ते मधोमध दबतं आणि गार होताना वाकडं होऊन बसतं. त्याच्याखालची गॅस्केट चुरडते, आणि कुठेतरी पाण्याला, ऑईलला किंवा जळलेल्या वायूला वाट मिळते. आपण म्हणतो "गॅस्केट उडाली". पण गॅस्केट उडणं हा परिणाम झाला. मूळ दुखणं आहे वाकलेलं हेड, आणि त्याच्याही मुळाशी आहे न फिरलेला पंखा.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. पाणी फार कमी झालं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. चालकाला वाटतं, चला, गाडी थंड झाली. तो पुढे दामटतो आणि तिथून इंजिनाची वाट लागते.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एप्रिलअखेर एक टुरिस्ट गाडी आमच्याकडे ओढून आणली. मालक स्वतःच चालक, गाडीवर कर्ज. म्हणाले, "दादा, लगीनसराई चालू आहे. दोन दिवसांत गाडी द्या, पाया पडतो." आम्ही उघडून पाहिलं, गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये जळलेली होती. हेड नजरेला सरळ दिसलं, हात फिरवून गुळगुळीत लागलं. पंख्याचा फ्यूज उडाला होता, तो बदलला आणि पंखा फिरला. नवी गॅस्केट टाकून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी दिली. घाई त्यांना होती, पण तिला मान आम्ही डोलावली.

बाराव्या दिवशी तीच गाडी घाटात पुन्हा तापली. फ्यूज पुन्हा उडाला होता. पंख्याची मोटर आतून जड झाली होती, जास्त करंट ओढत होती, आणि फ्यूज त्यामुळेच उडत होता. या वेळी पिस्टननं सिलिंडरला ओरखडे पाडले होते. म्हणजे हाफ इंजिनचं काम. मजुरी आम्ही घेतली नाही, मशीन शॉपचा खर्चही सोसला. पण मे महिना गेला तो गेला. त्या माणसाचा वर्षाचा हंगाम आणि दोन हप्ते आम्ही परत देऊ शकत नव्हतो.

त्या दिवसापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. हेड मोजल्याशिवाय बसवायचं नाही, आणि पंखा का बंद पडला हे सापडल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे या दोन नियमांचा विस्तार समजा.

उघडण्याआधीची तपासणी

तापलेली गाडी आली की पहिलं काम म्हणजे ती गार होऊ देणं. झाकण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. गरम इंजिनावर गार पाणीही ओतू नका, त्यानं धातूला तडा जाऊ शकतो.

मग स्टार्टर मारायचा नाही. आधी चारही प्लग काढायचे आणि इंजिन पान्यानं हातानं फिरवायचं. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असेल आणि तुम्ही किल्ली फिरवली, तर पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लगच्या भोकातून पाणी उडालं तर निम्मं निदान तिथेच झालं.

त्यानंतर डिपस्टिक. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. मात्र पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या ऑईलच्या झाकणाखाली थोडी मलई दिसते, ती हवेतल्या दमटपणाची. तेवढ्यावरून हेड उघडू नये.

आता कॉम्प्रेशन मोजायचं. छोट्या पेट्रोल इंजिनात ते साधारण 12 बारच्या आसपास मिळतं. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. सिलिंडरा-सिलिंडरांत 1 बारपेक्षा जास्त फरक नसावा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर मधली गॅस्केट गेली, असं बहुतेक वेळा निघतं. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

शंका उरलीच तर निळ्या द्रावणाची चाचणी आहे. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावणातून ओढायची. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. गिऱ्हाईकाला समोर उभं करून दाखवण्यासारखी ही चाचणी आहे. डोळ्यांनी पाहिलं की वाद उरत नाही.

उघडल्यावर काय मोजायचं

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण गार असतानाच, बाहेरून आत, टप्प्याटप्प्यानं ढिले करायचे. एकदम एका बाजूनं सोडले तर उरलंसुरलं सरळ हेडही वाकतं.

हेड स्वच्छ करून त्यावर स्ट्रेट एज ठेवायची: चार कडा आणि दोन तिरप्या, अशा सहा रेषांवर. फटीत फिलर गेज सरकवायचा. पुष्कळ छोट्या इंजिनांत 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. आपल्या केसाची जाडी साधारण तेवढीच असते. म्हणजे डोळ्याला हे दिसणं शक्यच नाही, आणि आम्ही नेमका डोळ्यावरच विश्वास ठेवला होता. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही असाच मोजायचा, ते हमखास राहून जातं.

पुढे मशीन शॉप. तिथे आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. हेडचे पाण्याचे रस्ते बंद करून, आत हवा भरून ते गरम पाण्यात बुडवतात; तडा असेल तिथून बुडबुडे येतात. तडे बहुधा दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधल्या चिंचोळ्या पट्टीत सापडतात. मग फेसिंग. पण फेसिंग करून खालची बाजू सरळ झाली म्हणजे हेड सरळ झालं असं नाही. कॅमशाफ्ट वरच्या बाजूला त्याच हेडमध्ये बसतो. केळ्यासारखं वाकलेलं हेड खालून तासलं तरी वरची कॅमची रांग वाकडीच राहते. म्हणून कॅमशाफ्ट बसवून तो हातानं मोकळा फिरतो का हे बघायचं. अडकला तर आधी हेड सरळ करून घ्यावं लागतं किंवा बदलावं लागतं. कंपनीनं दिलेल्या जाडीपेक्षा जास्त तासलं तरी हेड बाद.

सिलिंडरमध्ये बॅटरी मारून बघा. नखाला लागणारे उभे ओरखडे असतील तर बोरिंग आणि नवे पिस्टन. ओरखडे नाहीत, ब्लॉक सरळ आहे आणि आधी कॉम्प्रेशनला रिंगा चांगल्या निघाल्या होत्या, तर हेडच्या कामावर भागतं. "पूर्ण इंजिन बदला" असं कोणी सांगितलं तर कुठलं माप बाहेर गेलंय ते विचारा. माप सांगता येत नसेल तर सल्ला अंदाजाचा आहे.

बंद करताना

जुनी गॅस्केट खरवडताना ग्राइंडरची खरखरीत चकती वापरू नका. तिची पूड ऑईलच्या रस्त्यात जाते आणि बेअरिंगं खाते. पुष्कळ गाड्यांचे हेडबोल्ट एकदा ताणले की लांबतात. असे बोल्ट नवेच घ्यायचे. कसताना मधून बाहेर, टॉर्क पान्यानं, दिलेल्या टप्प्यांत. ऑईलमध्ये पाणी गेलेलं असेल तर नवं ऑईल आणि फिल्टर टाकून थोडं चालवायचं आणि पुन्हा एकदा बदलायचं. तापलेला थर्मोस्टॅट, फुगलेले होजपाइप आणि रेडिएटरचं झाकणही बदलून टाका. या कामात त्यांचा खर्च किरकोळ असतो.

आणि पंखा

क्रम असा: फ्यूज, रिले, वायरिंगचा कनेक्टर, मोटर, सेन्सर. मोटरला थेट 12 व्होल्ट देऊन बघा. पण नुसता फिरला एवढ्यावर थांबू नका. बॅटरीची वायर काढून पातं हातानं फिरवा, जड लागतं का पाहा. मग क्लॅम्प मीटरनं करंट मोजा. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठ्या क्षमतेचा फ्यूज टाकणं हा उपाय नाही. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

सगळं जोडून, कूलंट भरून, हवा काढून इंजिन उभ्या गाडीत चालू ठेवा. पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे, आपोआप बंद झाला पाहिजे, आणि हे दोनदा झालं पाहिजे. त्याशिवाय आम्ही किल्ली मालकाच्या हातात देत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*थर्मोस्टॅट काढून टाकला तर गाडी तापत नाही म्हणतात, खरं का?*

पंखा बंद असेल तर रेडिएटरमधून उष्णता बाहेरच जात नाही, तिथे थर्मोस्टॅट काढून काय होणार? उलट एरवी इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि झीज वाढते.

*पंख्याला थेट बटण लावून घेतलं तर?*

रस्त्यात अडकला असाल आणि घरी पोचायचं असेल तर ठीक. कायमचं नको. ज्या दिवशी बटण दाबायला विसराल, त्याच दिवशी घाट असेल.

*काटा वर जाताना दिसला तर चालकानं काय करावं?*

एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि काचा उघडा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. घाम येईल, येऊ द्या. सुरक्षित जागा मिळताच बाजूला घ्या. काटा लाल रेषेवर गेला किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद, आणि गाडी टोईंगनं न्या. ओढून न्यायचा खर्च हेडच्या खर्चापुढे काहीच नाही.

शेवटी एक छोटं काम सांगतो. आज घरी गेल्यावर गाडी उभी करून चालू ठेवा आणि पंखा सुरू होतो का ते कान देऊन ऐका. दहा-पंधरा मिनिटं लागतील. काट्यावर लक्ष असू द्या, आणि बॉनेट उघडलंत तर हात पंख्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो अचानक फिरतो.