हेमलॉक

(लॅ. त्सुगा, कुल–पायनेसी). नेहमी हिरव्या राहणाऱ्या सूचिपर्णी, प्रकटबीज वृक्षांची प्रजाती. हिच्यात सु. दहा जाती असून त्यांचा नैसर्गिक प्रसार केवळ उत्तर अमेरिका आणि हिमालयापासून जपानपर्यंतचा आशिया एवढाच आहे. ‘त्सुगा’ हे नाव जपानी भाषेतून आले आहे. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटीस यांना ज्याचे विष देण्यात आले, ते हेमलॉक म्हणजे गाजराच्या कुलातील एक ओषधी होय. चुरगळलेल्या पानांचा वास तिच्यासारखा वाटल्याने या वृक्षांना तेच नाव पडले. वृक्ष मात्र विषारी नाहीत.

बहुतेक जातींत पाने चपटी, रेषाकृती, १–२ सेंमी. लांब व खालच्या बाजूस दोन पांढरट पट्टे असलेली असतात. शंकू लहान व लोंबते. पश्चिम अमेरिकेतील त्सु. हेटेरोफायला ही जाती ६० मी.पर्यंत उंच वाढते. तिचे लाकूड बांधकामास व कागदाच्या लगद्यास वापरतात. हिमालयात कुमाऊँपासून अरुणाचल प्रदेशापर्यंत त्सु. ड्यूमोसा आढळते. पूर्व अमेरिकेतील त्सु. कॅनडेन्सिस ५०० वर्षांहून अधिक जगते. एकोणिसाव्या शतकात कातडी कमावण्यास लागणाऱ्या टॅनिनयुक्त सालीसाठी तिची बेसुमार तोड झाली. सोललेली खोडे पुष्कळदा रानातच कुजली.

लागवड बियांपासून करतात. बी दोन ते चार महिने ओलसर थंडीत ठेवल्यास चांगले रुजते. ओलसर, निचऱ्याची, अम्लधर्मी जमीन मानवते. रोपे गर्द सावलीत तग धरतात. मुळे उथळ असल्याने अवर्षण सोसत नाहीत. छाटणी करून कुंपणासाठीही लावतात.

खवले कीटकांचा उपद्रव होतो. पण सर्वांत घातक कीड म्हणजे ॲडेल्जिस त्सुगी हा माव्याशी नाते असलेला सूक्ष्म कीटक. पानांच्या तळाशी राहून तो डहाळीतील साठविलेले अन्न शोषतो. पांढऱ्या लोकरीसारख्या अंडकोशांवरून तो ओळखू येतो. जपानमधून आलेला हा कीटक पूर्व अमेरिकेत प्रथम १९५१ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंडजवळ नोंदला गेला. तेथे सर्व कीटक माद्याच असून मीलनाविना वर्षात दोन पिढ्या होतात. आशियाई व पश्चिम अमेरिकी जाती त्याला बव्हंशी दाद देत नाहीत. पूर्वेकडील शतायुषी वृक्ष मात्र अनेकदा ४–१० वर्षांत मरतात. त्यांच्या सावलीमुळे ओढ्यांचे पाणी थंड राहते व त्यात ट्राउट मासे जगतात. ती उणीव भरून काढणारा वृक्ष तेथे जवळजवळ नाही.

इमिडाक्लोप्रिड जमिनीत वा खोडात दिल्यास झाड काही वर्षे सुरक्षित राहते. सबंध अरण्याला हा उपाय परवडत नाही. म्हणून पश्चिम अमेरिकेतील लॅरिकोबियस नायग्रिनस हे भक्षक भुंगेरे २००३ पासून पूर्वेकडे सोडण्यात आले. कडक थंडीने कीड मरते. तरीही ती उत्तरेकडे सरकली असून २०१७ मध्ये कॅनडाच्या नोव्हास्कोशा प्रांतात आढळली.