आहारविकृतीनंतर वजन घटविण्याचा प्रश्न

आहारविकृतीतून बऱ्या झालेल्या व्यक्तीचे वजन पुष्कळदा वाढते व ते उतरविण्याची इच्छा तिला होते. या संदर्भात मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोग उद्बोधक आहे. ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी स्वयंसेवकांस २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. पुरेसे अन्न मिळू लागताच कित्येकांची भूक अनावर झाली. चरबी पूर्वीपेक्षा अधिक साठली. स्नायू मात्र सावकाश भरून आले. पुढे ज्यांची पाहणी चालू राहिली, त्यांचे वजन हळूहळू पूर्वीच्या पातळीकडे वळले.

हे तरुण आहारविकृतीचे रुग्ण नव्हते. तथापि अशी वाढ ही शरीराने केलेली भरपाई असू शकते, हे यावरून ध्यानी येते. या अवस्थेत अन्न तोडल्यास अनावर भूक, अतिभक्षण व पुन्हा उपवास हे चक्र परत सुरू होण्याचा धोका असतो. म्हणून प्रथम नियमित जेवण व मधला अल्पोपाहार यांची घडी बसवावी. उपवास व रोजचे वजन करणे टाळावे. वैद्यकीय कारणास्तव वजन घटविणे अपरिहार्यच ठरल्यास ते चिकित्सक व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, मंदगतीने व्हावे. जुनी भीती परतू लागताच मात्र तो प्रयत्न थांबविणे इष्ट. कारण येथे वजनापेक्षा आरोग्याचे रक्षण महत्त्वाचे असते.