न पाहताच दिलेला निकाल

चित्रपट पडद्यावर येण्याआधीच त्याचा निकाल लागू शकतो का? २०१६ साली हॉलिवूडमध्ये जवळपास तसं घडलं.

‘घोस्टबस्टर्स’ हा इव्हान राइटमन यांचा १९८४चा विनोदी चित्रपट. न्यूयॉर्कमध्ये भुतं पकडण्याचा धंदा काढणाऱ्यांची ही गोष्ट. मित्राच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर आम्ही तो कितीदा पाहिला, त्याला गणती नाही! १९८९मध्ये दुसरा भाग आला. पुढे २०१६मध्ये पॉल फीग यांनी तीच कल्पना अगदी पहिल्यापासून मांडली आणि या वेळी भुतांच्या मागे लागल्या चार बायका.

मार्चमध्ये झलक आली आणि यूट्यूबवर नापसंतीची लाखो मतं पडली. खरं सांगतो, ती झलक मलाही फिकी वाटली. पण विनोद न आवडणं वेगळं आणि बायकांनी हे काम करायचंच नाही म्हणणं वेगळं. जुलैत चित्रपट लागल्यावर तर लेस्ली जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ट्विटरवर वर्णद्वेषी शिव्या सोसाव्या लागल्या.

गंमत पाहा, बहुसंख्य समीक्षकांनी चित्रपटाला बरं म्हटलं. अमेरिकेत पहिल्या दिवसांत चित्रपटगृहातल्या प्रेक्षकांचा कौल घेतात. त्यांनी ‘बी प्लस’ दिला. म्हणजे पाहणाऱ्यांना तो अगदीच वाईट वाटला नव्हता. तरी गणित फसलं. निर्मितीखर्च सुमारे १४ कोटी ४० लाख डॉलर, जगभरचा गल्ला सुमारे २३ कोटी. त्यातून चित्रपटगृहांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च वजा करा, की तोटाच उरतो.

२०२१मध्ये राइटमन यांचे चिरंजीव जेसन यांनी ‘आफ्टरलाइफ’मध्ये जुन्या कथेचा धागा पुन्हा उचलला. आता उलटं झालं. आठवणींवरच चित्रपट उभा आहे, असं म्हणत काही समीक्षकांनी नाक मुरडलं. प्रेक्षक मात्र खूश. गल्ला थोडा कमीच, सुमारे २० कोटी. पण खर्च साडेसात कोटींच्या आसपास, म्हणून तो यशस्वी ठरला.

तेव्हा ‘चालला’ किंवा ‘पडला’ हा हिशेब झाला, तो चित्रपटाचा कस नव्हे. जुन्या चित्रपटाशी आपलं तरुणपण बांधलेलं असतं. त्याला कुणी हात लावला की राग येतो. तो मलाही आला होता. पुढे २०१६चा चित्रपट मी सबंध पाहिला. शेवट लांबलाय खरा, पण केट मॅकिनन यांनी मला मनापासून हसवलं. झलक पाहून दिलेला माझा निकाल मी त्याच दिवशी मागे घेतला.