दरबारी पत्ते, बाजारातला डाव

सोलापुरात राहून, घरखर्च भागल्यावर हाती उरतील तेवढ्या पैशांत, ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ त्याच्या नव्वदीतल्या जुन्या रूपात खेळता येतो, आणि तोही स्पर्धेत जिंकायच्या ईर्ष्येनं. खेळ माहीत असलेल्यांना हे पटत नाही, कारण जुन्या पत्त्यांच्या किमती त्यांनी पाहिलेल्या असतात. पण महाग पत्ते जमवणं आणि जुना खेळ खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपण मेंढीकोट किंवा रमी खेळतो तेव्हा कॅट सगळ्यांचा एकच असतो. रिचर्ड गार्फील्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक’ १९९३च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला, तो नेमकं हेच बदलून. इथं प्रत्येक भिडू स्वतःचा कॅट घरून बांधून आणतो. त्याला डेक म्हणतात. डेकमध्ये निदान साठ पानं हवीत. साध्या जमिनी सोडल्या तर एकच पान चारपेक्षा जास्त वेळा घालता येत नाही. जमिनीच्या पानांतून ‘मॅना’ ही वेगवेगळ्या रंगांची शक्ती मिळते, त्या शक्तीवर प्राणी आणि मंत्र खेळायचे आणि समोरच्याचे वीस प्राण शून्यावर आणायचे. हजारो पानांतून साठ निवडायची, म्हणजे पानं पिसायच्या आधीच निम्मी लढाई झालेली असते. पैसा शिरतो तोही इथंच.

जुनी पानं एवढी महाग का, याचं उत्तर ती छापणाऱ्या कंपनीच्या एका वचनात आहे. १९९५मध्ये ‘क्रॉनिकल्स’ या संचात कंपनीनं बरीच जुनी पानं पुन्हा छापली. संग्रह करणारे खवळले, कारण त्यांच्याकडच्या पानांचा भाव पडला. त्यांची समजूत काढायला कंपनीनं १९९६मध्ये एक राखीव यादी जाहीर केली: यातली पानं पुन्हा कधीच छापणार नाही. तेव्हापासून ही पानं सोन्यासारखी जपली जातात. ‘ब्लॅक लोटस’ हे पान पहिल्या छपाईत सुमारे अकराशेच निघालं होतं. त्यातलं एक २०२४मध्ये ३० लाख डॉलरला विकलं गेलं. २०२२मध्ये खेळाच्या तिसाव्या वर्षाच्या निमित्तानं कंपनीनं जुन्या पानांची नक्कल असलेला साठ पानांचा संच काढला. किंमत ९९९ डॉलर, म्हणजे त्या वेळचे ऐंशी हजारांहून जास्त रुपये. आणि ती पानं अधिकृत स्पर्धेत चालतही नाहीत! ही तर निव्वळ शोभेची खरेदी झाली, आणि खेळणाऱ्यांना ती बोचली यात मला नवल वाटत नाही.

महाराष्ट्राला हे दुखणं नवं नाही. गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ बाबराच्या काळापासून हिंदुस्थानात आहे. १५२७मध्ये त्यानं सिंधच्या शाह हसनला हे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. गंजिफाचे पत्ते दोन प्रकारचे होत. हस्तिदंत, कासवाचं कवच अशा वस्तूंवर रंगवलेले ते दरबार कलम. कागद किंवा कापडाच्या चकत्यांवर बेताचे रंग आणि लाखेचा हात देऊन केलेले ते बाजार कलम. खेळ एकच, नियम तेच. दरबारी संच राजेरजवाड्यांच्या पेट्यांत आणि पुढे संग्रहालयांत जाऊन बसले. खेळ खेड्यापाड्यांत टिकवला तो बाजारी पत्त्यांनी. पुढे छापील बावन्न पानांचा कॅट त्याहूनही स्वस्त मिळू लागला आणि गंजिफा मागे पडला. सावंतवाडीला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यात चिताऱ्यांना हाताशी धरून ही कला वाचवली. हे काम फार मोलाचं आहे. मात्र हातानं रंगवलेला तो देखणा संच आज विकत घेणारा बहुधा भिंतीवर लावतो. डाव मांडणारा क्वचितच भेटतो.

‘मॅजिक’मधल्या बाजार कलमाची सुरुवात, माझ्या मते, १९९६ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात झाली. पॉल स्लाय नावाचा खेळाडू एका पात्रता स्पर्धेत असा डेक घेऊन बसला की पाहणाऱ्यांना ती चेष्टा वाटावी. डेकची कल्पना जे श्नायडर याची. त्यात ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’सारखी पानं होती, म्हणजे बळ दोन किंवा जास्त असलेल्या प्राण्याला अडवूच न शकणारा प्राणी. अशी पानं कुणी फुकटसुद्धा मागत नसे. स्लाय दुसरा आला.

त्यामागचा हिशेब आजही शिकण्यासारखा आहे. पहिल्या फेरीत मॅना एकच असतो, दुसरीत दोन, तिसरीत तीन. महागडं, ताकदवान पान हातात असलं तरी ते उतरेपर्यंत सुरुवातीचा मॅना वाया जातो. श्नायडरनं एक, दोन, तीन मॅनाची पानं अशा प्रमाणात बसवली की प्रत्येक फेरीतला मॅना कामी यावा. पानं सुमार होती, पण वाया काही जात नव्हतं. समोरचा आपल्या भारी पानाची वाट बघत बसे आणि तोवर त्याचे प्राण निम्म्यावर आलेले असत. या धाटणीच्या लाल डेकना अजूनही ‘स्लाय’ म्हणतात. गरिबाच्या डेकनं श्रीमंताच्या डेकला हरवायचा मार्ग योगायोगाचा नाही, तो गणिताचा आहे, हे त्या दिवशी दिसलं.

आज हा जुना खेळ खेळायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे ‘प्रीमॉडर्न’ हा प्रकार. स्वीडनच्या मार्टिन बर्लिननं २०१२मध्ये तो मांडला. ‘फोर्थ एडिशन’ (१९९५) पासून ‘स्कर्ज’ (२००३) पर्यंतच्या संचांतली पानं यात चालतात. ही कालमर्यादा खिशाच्या दृष्टीनंही सोयीची आहे. शेकडो डॉलर पडणाऱ्या दुरंगी जमिनी १९९४च्या ‘रिवाइज्ड’नंतर स्पर्धेसाठी छापल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे त्या या प्रकारात येतच नाहीत. शिवाय पान नव्या छपाईचं असलं तरी चालतं. स्वीडनमध्येच जन्मलेल्या ‘ओल्ड स्कूल’ या प्रकारात तिथल्या नियमांनुसार मूळ छपाईचीच पानं लागतात, आणि तिथं आपल्यासारख्यांची दारं बंद होतात. प्रीमॉडर्नमध्येही ‘गेयाज क्रेडल’सारखी हजार डॉलरच्या घरातली राखीव पानं आहेत. पण त्यांच्यावाचून काही अडत नाही.

अडत नाही, कारण लाल रंग आहे. ‘लाइटनिंग बोल्ट’ एका मॅनात तीन प्राण घेतो. ‘फायरब्लास्ट’ची लिहिलेली किंमत सहा मॅना आहे, पण दोन डोंगर, म्हणजे लाल मॅनाच्या जमिनी, बळी दिले की ते फुकट खेळता येतं आणि चार प्राण घेतं. चार बोल्ट आणि दोन फायरब्लास्ट म्हणजे बारा आणि आठ, वीस. सोबत ‘जॅकल पप’, ‘मॉग फॅनॅटिक’ असे एका मॅनाचे प्राणी आणि तीन मॅनात येऊन सहाचा घाव घालणारा, फेरी संपताच मरणारा ‘बॉल लाइटनिंग’. जमिनी म्हणाल तर साधे डोंगर. दोन-तीन रंगांच्या डेकमध्ये अर्धा खर्च जमिनींवरच होतो, एकरंगी डेकमध्ये तो वाचतो. लाल डेकमध्ये बरेच जण ‘कर्स्ड स्क्रोल’ हे राखीव यादीतलं पान घालतात. मी म्हणेन, सुरुवातीला ते सोडा.

उरलेलं कौशल्य पैशानं येत नाही. बोल्ट समोरच्या प्राण्यावर मारायचा की थेट भिडूवर? मायकेल फ्लोरेस यानं १९९९मध्ये लिहिलेल्या एका लेखाचा सगळा भर यावर आहे की दोघांपैकी चढाई कुणी करायची आणि बचाव कुणी, हे ज्याला कळत नाही तो हरतो. लाल डेकवाल्यानं दुसऱ्या लाल डेकसमोर हाच प्रश्न रोज सोडवावा. एकाच डेकवर वर्षभर हात बसवणारा माणूस दर महिन्याला डेक बदलणाऱ्या पैसेवाल्यापुढे टिकतो, कारण तो अडचणीच्या जागी विचार करत बसत नाही, त्या जागा त्याला पाठ असतात.

सोलापूरकराला पत्त्यांच्या किमतीबरोबर आणखी दोन खर्च मोजावे लागतात: टपाल आणि प्रवास. बोल्ट एक-दोन डॉलरचा, पण परदेशातून एकटाच मागवला तर टपाल त्याच्या कितीतरी पट. म्हणून तिघा-चौघांनी मिळून एकदाच मागणी करावी. भारतात या खेळाचे भिडू मुख्यतः मुंबई, पुणे, बंगळूर अशा शहरांत. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुण्याला जाऊन रात्री घरी परतता येतं, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो.

आणि सराव? त्याला खरी पानं लागतच नाहीत. कागदावर पानाचं नाव आणि मजकूर लिहायचा, प्लॅस्टिकच्या पाकिटात एखाद्या बिनमोलाच्या पानावर सरकवायचा, झालं. अधिकृत स्पर्धेत अशी चिठ्ठी चालत नाही. पण घरच्या सरावासाठी केलेल्या अशा पानांना आपली हरकत नाही, असं कंपनीनं २०१६मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रीमॉडर्नच्या स्पर्धा बहुतेक खेळाडूच भरवतात, तिथं चिठ्ठ्या चालतील की नाही हे संयोजक ठरवतात, तेव्हा आधी विचारावं. हुबेहूब बनावट पान खरं म्हणून विकणं ही मात्र फसवणूक. चिठ्ठी उघड चिठ्ठी असते, तिच्यात लपवाछपवी नसते, म्हणून मला ती मान्य आहे. ज्यांना चिठ्ठ्याही नकोत त्यांच्यासाठी ‘पॉपर’ आहे: ज्या पानांची साधी, सर्वांत विपुल छपाई झाली तेवढीच वापरायची. इंटरनेटवर २००८पासून अधिकृत असलेल्या या प्रकाराला २०१९मध्ये छापील पानांसाठीही एकच नियमावली मिळाली. यातली कितीतरी पानं काही सेंटना मिळतात.

हाच मार्ग गंजिफासाठीही खुला आहे, आणि सोलापूरच्या एखाद्या छापखान्यात तो उद्या सुरू होऊ शकतो. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशे वीस पानं. जाड कागदावर गोल कापून छापली की काम झालं. तिघं भिडू, प्रत्येकी चाळीस पानं, हुकूम बोलायचा नाही. प्रत्येक अवताराचे राजा आणि प्रधान सर्वांत वरचे. परशुरामापासून कल्कीपर्यंत त्यांच्याखाली दश्शी मोठी, मत्स्यापासून वामनापर्यंत उलट, म्हणजे एक्का मोठा. कुठलं पान पडून गेलं हे ज्याच्या लक्षात राहील त्याचे हात जास्त. दिवसा खेळायला बसलात तर पहिली उतारी रामाचा राजा असेल त्याची, रात्री बसलात तर कृष्णाचा असेल त्याची.