नजर कुठं अडते

सकाळी ७.३०

बारामती-इंदापूर रस्त्यावर, निमगाव केतकीत शिरताना चहाची एक टपरी लागते. तिथं वर्तमानपत्राचा एकच अंक येतो आणि तो पानं सुटी करून दहा जण वाचतात. मी समोरच्या बाकावर बसतो. बातम्या नंतर कळतातच. मला वाचणाऱ्यांचे डोळे बघायचे असतात. पानमळेवाले एक तात्या रोज बाजारभावाचं पान धरतात. चष्म्याआडची त्यांची बुबुळं बघितली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत जात नाही. ती चिमणीसारखी टुणटुण जाते: थांबली, उडाली, पुन्हा थांबली. मध्येच मागं येऊन एखादं अक्षर परत टिपते.

पॅरिसच्या एमिल जावाल या नेत्रवैद्यानं १८७९ च्या सुमारास हे लिहून ठेवलं, तोवर वाचणाऱ्या जगाला ते ठाऊक नव्हतं. आता मोजमाप पक्कं झालं आहे. सराईत वाचकाचा एक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो आणि उडी सेकंदाच्या पंचविसाव्या भागातसुद्धा उरकते. उडी चालू असताना डोळा वाचत नाही, जे काही वाचायचं ते थांब्यात. म्हणून थांबा किती लांबला, कुठं पडला आणि नजर कुठून मागं फिरली, यावरून डोक्यात कुठल्या शब्दावर किती काम चाललंय याचा अंदाज बांधता येतो. ओळखीच्या शब्दावर नजर थोडा वेळ टेकते, अनोळखी शब्दावर जास्त. पुढं काय येणार ते आधीच कळलं असेल तर नजर शब्द ओलांडूनही जाते.

तात्यांची नजर डाळिंबाच्या रकान्यावर थांबली. 'पडला की,' एवढंच ते बोलले.

१०.३०

माझ्या शाळेत परिपाठ. प्रार्थना, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या. बातम्या चौथीतली एक मुलगी वाचते. वाक्याचे शेवटचे दोन शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आधीच तिचे डोळे वर उठतात आणि रांगेतल्या मैत्रिणीला शोधतात. आवाज मागं, डोळे पुढं. हे अंतर अमेरिकेत शिकागोच्या गाय बझवेल यांनी १९२० साली मोजून प्रसिद्ध केलं होतं. चांगला वाचक आवाजाच्या पुढं एकदोन शब्द जाऊन आलेला असतो. नवशिक्याचा डोळा आणि आवाज एकाच अक्षरावर रुतलेले असतात.

याला यंत्र लागत नाही, पुठ्ठा पुरतो. मूल मोठ्यानं वाचत असताना अचानक ओळीवर पुठ्ठा ठेवायचा. झाकल्यानंतरही त्यानं किती शब्द म्हटले ते बघायचं. काही मुलं 'बसला होता' असं बिनदिक्कत पूर्ण करतात. काही तिथंच गप्प होतात आणि माझ्याकडं बघत राहतात.

११.००

तिसरीचा मराठीचा तास. आज भोकाचा पुठ्ठा काढलाय.

ही युक्ती माझी नाही. वॉल्टर माइल्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९२८ मध्ये ती छापली. जाड कागदावर मोठ्या अक्षरात मजकूर लिहायचा आणि मधोमध, दोन ओळींच्या मधल्या जागेत, अर्ध्या सेंटीमीटरचं भोक पाडायचं. मूल समोरून वाचतं, आपण मागून भोकाला डोळा लावायचा. मुलाचं बुबुळ इतकं जवळ दिसतं की उड्या बोटांवर मोजता येतात. परदेशातल्या प्रयोगशाळांत आणि आपल्याकडच्या मोठ्या संस्थांत हेच काम अवरक्त प्रकाश आणि सेकंदाला हजार वेळा टिपणारा कॅमेरा करतो, तोही मिलिसेकंदात. भोकातून मिलिसेकंद दिसत नाहीत. पण उडी, थांबा आणि माघार या तिन्ही गोष्टी दिसतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तेवढं पुष्कळ झालं.

आजचं वाक्य मीच रचलं होतं: पाऊस थांबल्यावर शेतकऱ्यांच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघाल्या.

पहिली मुलगी वर्गात हुशार म्हणतात ती. 'पाऊस' एका थांब्यात, 'थांबल्यावर' दोन, 'शेतकऱ्यांच्या' मात्र तीन. तिसरा थांबा 'ऱ्यां'वर पडला तेव्हा तिचे ओठ हलले, पण नजर मागं गेली नाही. पुढचं सगळं झरझर.

मग ऊसतोड कामगाराचा मुलगा. हंगाम सुरू झाला की तो आमच्याकडं येतो, वसंतात परत बीडला जातो. त्याची नजर 'थांबल्यावर'ला भिडली आणि अडखळली: थां, परत थां, ब, ल्या, पुन्हा मागं. 'शेतकऱ्यांच्या'वर तर ती तीनचार वेळा मागं आली. मी मनात म्हटलं, पुढची 'ड्या' आता याला आडवी येणार. पण 'बैलगाड्या'वर बुबुळ एकदाच टेकलं आणि उडालं. जोडाक्षर तिथंही होतं, अनुस्वार नव्हता पण बाकी लांबी जवळजवळ तेवढीच. फरक इतकाच की बैलगाडी त्याच्या घरची आहे. तिच्यावरच तो इथं आला. मग तो म्हणाला, 'कारखान्यावर निघाल्या.'

कागदावर 'कारखान्याकडे' आहे. तपासणीच्या वेळी याला एक चूक धरतात. मी भोकातून बघत होतो: नजर 'कारखान्या'पर्यंत गेली आणि तिथून सरळ 'निघाल्या'वर. 'कडे' त्यानं बघितलंच नाही. टोळीतली माणसं 'कारखान्यावर निघालो' असंच म्हणतात, तेच त्याच्या डोक्यात आधी तयार होतं. शब्दाचा अंदाज आला की डोळा त्यावर कमी रेंगाळतो किंवा तो ओलांडून जातो, हे सुसान अर्लिक आणि किथ रेनर यांनी १९८१ मध्ये दाखवलं आहे. या मुलाची चूक अर्थ कळल्यामुळं झाली आहे. 'थांबल्यावर'ची अडखळ मात्र अक्षरांची आहे. दोन्हींवर उपाय वेगळे, आणि तपासणीच्या तक्त्यात दोन्हींसाठी एकच फुली.

मुलांना मात्र हे काही नको होतं. प्रत्येकाला भोकाच्या या बाजूला यायचं होतं. 'सर, ह्याचं बुबुळ उड्या मारतंय!' एक जण ओरडला आणि तास तिथंच संपला.

१२.१५

गणित. हातच्याची वजाबाकी. इथं सांगण्यासारखं काही नाही.

१.३०

मधली सुट्टी, खिचडी. हात धुऊन आलेल्या दोघींना मी एक छोटा आरसा दिला. 'आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघ, मग उजव्या. डोळा हलताना दिसतो का?' नाही दिसत. कितीही वेळा करा, आपला डोळा हलताना आपल्याला दिसत नाही; शेजारी बसलेलीला मात्र स्पष्ट दिसतो. रेमंड डॉज यांनी १९०० साली यावरच बोट ठेवलं होतं. उडी चालू असताना मेंदू बघणं जवळजवळ बंद ठेवतो. खिचडी थंड झाली, पण आरसा वर्गभर फिरला. वाचकांनी आजच आरशासमोर करून बघावं, खर्च शून्य.

२.३०

पुन्हा तिसरी. बोट ठेवून वाचण्याबद्दल शिक्षकांत दोन तट आहेत. मी बोट ठेवू देतो, निदान दिवाळीपर्यंत. मग हळूहळू सोडवतो, कारण बोट एकेका अक्षरावर राहिलं की डोळाही तिथंच राहतो आणि पुढचं बघायला शिकत नाही.

पुढचं बघणं केवढं महत्त्वाचं, ते रेनर आणि जॉर्ज मॅककॉन्की यांनी १९७५ मध्ये पडद्यावर अक्षरांची फिरती खिडकी करून दाखवलं. नजर असेल तिथली थोडी अक्षरं खरी, बाकी सगळी गिचमिड. खिडकी लहानमोठी करत गेल्यावर कळलं की इंग्रजी वाचकाला नजरेच्या डाव्या बाजूची तीनचार अक्षरं आणि उजव्या बाजूची चौदापंधरा अक्षरं उपयोगी पडतात. उजवीकडून डावीकडं लिहिल्या जाणाऱ्या हिब्रूत हेच उलट होतं. म्हणजे डोळ्याला ही सवय लिपी लावते.

आपल्या लिपीनं लावलेल्या सवयी वेगळ्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चारतो नंतर. रफाराचं उलट: 'सूर्य' मधला र आधी म्हणायचा, पण तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात ऱ्हस्व वेलांटीच्या शब्दांना वेळ जास्त लागतो असं आढळलं. वर्गात तेच दिसतं: 'किल्ला' ची पहिली वेलांटी लागली की डोळा एक पाऊल पुढं जातो, क बघतो आणि मग तोंड उघडतं. त्यात आपली बाराखडी जोडाक्षरांसह काहीशे चिन्हांपर्यंत जाते, इंग्रजीची २६. वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षं मागोवा घेणारा अभ्यास झाला आहे. मात्रांसकट अक्षरं पक्की व्हायला अभ्यासक्रम धरतो त्याहून बराच जास्त वेळ लागतो, हे त्या अहवालातही आहे आणि आमच्या फळ्यावरही.

आणि शब्दांची लांबी. सकाळचं माझं वाक्य सहा शब्दांचं. हिंदीत करा: 'बारिश रुकने के बाद किसानों की बैलगाड़ियाँ कारखाने की ओर निकलीं.' अकरा शब्द झाले. मजकूर तोच. हिंदीत 'की', 'के', 'ओर' सुटे उभे राहतात, मराठीत ते शब्दाच्या शेपटीला चिकटतात. सुट्या छोट्या शब्दांवरून डोळा पुष्कळदा उडी मारून जातो. चिकटलेली शेपटी मात्र सामान्यरूपासकट सोडवावी लागते. फिनिश भाषेतही शब्द असेच लांबलचक असतात, आणि तिथल्या संशोधकांनी एकेका लांब शब्दावर पडणारे दोनदोन, तीनतीन थांबे मोजले आहेत. मराठीसाठी असं मोजणारं कुणी भेटलं तर मी पुठ्ठा घेऊन हजर राहीन.

देशात डोळ्यांवरून भाषा अभ्यासण्याचं काम होतच नाही असं नाही. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य आणि अभिजित मिश्रा यांनी वाचकांच्या नजरेवरून वाक्य अनुवादाला किती अवघड आहे, वाचणाऱ्याला टोमणा कळला की नाही, हे संगणकाला ओळखायला लावलं. टोमणा वाचला की नजर अडते, मागं जाते. आमच्या तिसरीत टोमणे सगळ्यांना कळतात, वाचता येत नाहीत एवढंच.

५.१५

शाळा सुटली. जाताना एका आजोबांकडं डोकावलो. तुकोबांची पालखी आमच्या गावावरून इंदापूरला जाते, आणि हे आजोबा संध्याकाळी ओसरीवर हरिपाठ वाचतात. वाचतात म्हणजे पान उघडं ठेवतात. मी समोर बसून बघितलं: ओळीला एखादाच थांबा, तोही सुरुवातीला. मधल्या शब्दांवर नजर जातही नाही. पुस्तक आवाजाला ताल धरायला हवं असतं, शब्दांसाठी नाही. पाठांतर झालेल्या धड्यावर वाचन तपासू नये असं मी नव्या शिक्षकांना सांगतो ते यामुळंच. पाठ्यपुस्तकातला पाचवा धडा घडाघडा म्हणणारी मुलं चहाच्या टपरीवरची पाटी वाचताना उभी राहतात.

आजोबांच्या पेटीत जमिनीचे जुने मोडी कागद आहेत. ओळभर आधी रेघ मारलेली आणि तिच्याखाली अक्षरं सलग टांगलेली, शब्दांत अंतर नाही. इंग्रजी मजकुरातलं अंतर काढून टाकलं तर वाचनाचा वेग तीस ते पन्नास टक्क्यांनी घसरतो, असं रेनर यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. कारण डोळा उडी मारतो ती पुढच्या शब्दाच्या मध्याच्या जरा अलीकडं, आणि शब्दाची हद्द दिसली नाही तर नेम धरायला जागा राहत नाही. मोडी वाचणारे जुने कारकून सरावानं नेम धरत असतील. माझ्या मुलांसाठी मी फळ्यावर शब्दांत अंतर जरा जास्तच सोडतो.

रात्री ९.००

मोबाइलवर माहिती भरणं. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरीच्या मुलानं मिनिटाला ६० शब्द अर्थासह वाचावेत हे त्याचं उद्दिष्ट. उद्दिष्टाशी माझं भांडण नाही. मूल वाचायला शिकलं नाही तर पुढची सगळी शाळा वाया जाते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात प्रत्येक भाषेसाठी वेगळे निकष लावले, हेही चांगलं झालं. पण तालुक्यापर्यंत येता येता ६० हा एकच आकडा उरतो आणि घड्याळ लावून त्याचीच मोजदाद होते.

आज ऊसतोडीच्या मुलाची नोंद करायची होती. रकाने असे: मिनिटात वाचलेले शब्द, चुका, प्रश्नांची उत्तरं. 'थांबल्यावर'ला पुन्हा पुन्हा मागं फिरलेली नजर आणि 'बैलगाड्या'वरून एका उडीत गेलेली नजर यांना जागा नाही. उद्या याला ल्य, ऱ्य, ड्य या जोडाक्षरांचा सराव द्यायचा की गोष्टी वाचून दाखवायच्या, हे मला त्या नजरेवरून ठरवता आलं, शब्दांच्या आकड्यावरून नाही.

तेव्हा तपासणीचे तक्ते करणाऱ्यांना विनंती आहे. शब्दांच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवा: वाचताना मूल कुठल्या अक्षरावरून मागं फिरलं. शिक्षकाला एवढंच लिहू द्या. त्यासाठी लागणारा पुठ्ठा प्रत्येक शाळेत आहे, भोक पाडायला पेन्सिल चालते, आणि पालकांनीही घरी करून बघायला हरकत नाही.